उन्हाची सुट्टी कोणासाठी?

मार्च उजाडला की वसई-विरारमध्ये एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. या उन्हात मुलांना शाळेत पाठवावे की न पाठवावे? पालक शाळेला विचारतात, शाळा शिक्षणाधिकाऱ्यांकडे बोट दाखवते, शिक्षणाधिकारी पुण्याहून येणाऱ्या परिपत्रकाची वाट पाहतात, आणि परिपत्रक येईतो ऊन आपले काम करून गेलेले असते. वाद खरा आहे आणि त्यामागील काळजीही खरी आहे. तथापि तो ज्या रीतीने मांडला जातो त्यात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, शाळेत ऊन आहे आणि घरी सावली आहे. ज्यांच्या बाबतीत हे गृहीतक खरे आहे त्यांचाच आवाज या वादात ऐकू येतो. ज्यांच्या बाबतीत ते खोटे आहे, त्यांना कोणी काही विचारलेले नाही.

सरकारने या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत कसे दिले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे राज्याच्या सर्वोच्च पुरस्काराचा सोहळा भर उन्हात उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. पाठोपाठ २१ एप्रिलपासून राज्य मंडळाच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, लहान मुलांची झोप पूर्ण होत नाही या कारणास्तव चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा शासननिर्णय निघाला. त्यानंतर एका वर्षाने, मार्च २०२५ च्या अखेरीस, उन्हाच्या कारणास्तव प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिक शाळा ७ ते ११.४५ या वेळेत भरवण्याचे निर्देश आले. आणि त्याच वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे वेळापत्रकही आले. म्हणजे एका वर्षी ऊन आहे म्हणून २१ एप्रिलला शाळा बंद, आणि दोन वर्षांनी त्याच तारखेला मुले परीक्षेच्या बाकावर.

यातील प्रत्येक निर्णयाला स्वतंत्रपणे काही आधार आहे हे मान्य केले पाहिजे. एप्रिलच्या आरंभीच परीक्षा उरकल्या की महिनाभर वर्ग ओस पडतात, ही शिक्षण खात्याची तक्रार खोटी नाही. लहान मुलांना झोप हवी, हेही खरे. परंतु या निर्णयांना जोडणारे धोरणाचे सूत्र शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. जे दिसते ते इतकेच की सरकारजवळ घड्याळ हे एकच साधन आहे आणि ते कधी पुढे, कधी मागे करून उन्हाचा प्रश्न सोडवता येईल अशी त्याची समजूत आहे. घड्याळ फिरवायला पैसे लागत नाहीत. छप्पर बदलायला लागतात.

या घड्याळाचा हिशेब वसई-विरारच्या पूर्व भागात लावून पाहावा. नालासोपारा पूर्वेकडील बैठ्या चाळींतून, संतोष भुवन, धानीव, पेल्हार, वालीव या पट्ट्यातून, बाप कारखान्याच्या पाळीला आणि आई धुण्याभांड्याच्या किंवा लहानमोठ्या कारखान्यातील कामाला सकाळीच बाहेर पडते. कित्येक बाया विरार लोकलने बोरिवली-अंधेरीपर्यंत जातात. शाळा सव्वाअकराला सुटली की मूल घरी येते ते दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत. सव्वाअकरा ते चार हाच दिवसाचा सर्वांत तापलेला काळ. वर पत्रा, बाजूला शेजारच्या खोलीची भिंत, खिडकी असली तर एक. वीज गेली, आणि उन्हाळ्यात ती जाणे या भागाला नवे नाही, तर पंखाही बंद. धाकट्या भावंडाला सांभाळत ते मूल तेथे बसते, किंवा रस्त्यावर खेळते. शासनदरबारी मात्र त्याचे उन्हापासून रक्षण झाल्याची नोंद झालेली असते.

जागेअभावी दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची तर याहून विचित्र अवस्था आहे. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरत असेल, तर सगळ्यांना सकाळी बोलवायचे कोठे? दुपारच्या सत्राचे मूल साडेबाराच्या उन्हात दप्तर घेऊन निघते आणि सकाळच्या सत्राने तापवून ठेवलेल्या खोलीत बसते. मुंबईच्या शेजारी माणसांचे लोंढे वसवायचे, इमारतींना परवानगी द्यायची किंवा परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या इमारतींकडे कानाडोळा करायचा, आणि शाळांसाठी राखलेली जागा मात्र कागदावरच ठेवायची, या नगररचनेचे हे फळ आहे.

याहून खालच्या पायरीवर वीटभट्टीचे मूल आहे. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील आदिवासी कुटुंबे उचल घेऊन वसई-भिवंडीच्या पट्ट्यातील भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे उन्हाळा संपूर्णपणे भट्टीवर जातो. पहाटे गारा तुडवायचा, विटा थापायच्या, उन्हात त्या उलटसुलट करायच्या. या कामात मुलाचा हात लागतोच. राहायचे भोंग्यात, म्हणजे विटांच्या आडोशाला गवताचे किंवा प्लास्टिकचे आच्छादन घालून केलेल्या खोपटात. उसगावच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या या वास्तवाच्या ओळखीतून. पुढे सरकारने स्थलांतरितांसाठी शिक्षण हमी पत्रके काढली, हंगामी वसतिगृहांची योजना आखली. भट्टीवरच्या मुलाला शाळेचे दार उघडे असेल तर दिवसातील चार तास ते उन्हातून आणि कामातून सुटते. ते दार बंद झाले की ते भट्टीवर उभे राहते. त्याच्यासाठी उन्हाची सुट्टी म्हणजे उन्हातच पाठवणी होय.

येथवरच्या विवेचनाचा अर्थ 'काहीही होवो, शाळा चालूच ठेवा' असा कोणी काढू नये. मुलाचे शरीर मोठ्यांच्या शरीरापेक्षा लवकर तापते, आणि तहान लागल्याचे खेळाच्या नादात त्याला उमगत नाही. कोकणपट्टीत तर उकाड्याला दमटपणाची जोड आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि शरीर थंड करण्याचा निसर्गाचा उपायच निकामी होतो. म्हणून हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशाला ४० अंशांची मर्यादा धरते, तर किनाऱ्याला ३७ अंशांची. २०२५ साली फेब्रुवारीच्या अखेरीसच कोकणासाठी असा इशारा द्यावा लागला. ज्या वर्गावर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा आहे, पंखा नाही आणि पिण्याचे पाणी अकरा वाजता संपते, त्या वर्गात चाळीस-पन्नास मुले बसवून ठेवणे हे शिक्षण नव्हे. तेथे मूल पाठवायला नकार देणारी आई मुलाच्या शिक्षणाची वैरी नाही. ती शाळेच्या इमारतीवर निवाडा देत असते.

हा प्रश्न एकट्या वसईचा नाही. युनिसेफच्या जानेवारी २०२५ मधील अहवालानुसार २०२४ या एका वर्षात ८५ देशांतील २४.२ कोटी मुलांच्या शिक्षणात हवामानाच्या आपत्तींनी खंड पडला, आणि त्या आपत्तींत उष्णतेच्या लाटा सर्वांत पुढे होत्या. त्या वर्षी दक्षिण सुदानने मार्चमध्ये शाळा बंद केल्या. एप्रिलमध्ये बांगलादेशाने देशभरच्या शाळा बंद ठेवल्या आणि फिलिपाईन्सने वर्ग स्थगित केले. यादी नीट वाचली तर हे सारे गरीब देश आहेत. सूर्य सर्वांवर सारखाच तळपतो असे म्हणतात. पण शाळा कोणाच्या बंद होतात हे छप्परांच्या किमतीवर ठरते. मुंबईच्या वातानुकूलित शाळांना हा प्रश्नच पडत नाही. वसई-विरारमध्येही ज्यांचे पालक भरमसाट शुल्क भरू शकतात त्यांच्यासाठी तो सुटल्यातच जमा आहे.

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहता सुट्टी ही फुकटची गोष्ट नाही. तिची किंमत कोणीतरी मोजतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन बंधनकारक केले आहे. दिवसाचे सरासरी प्रमाण पहिल्या गटात चार तास, दुसऱ्यात सुमारे साडेचार तास पडते. सकाळचे सव्वाचार-पावणेपाच तासांचे सत्र, मधली सुट्टी वजा करूनही, या मर्यादेच्या जवळपास राहते. परंतु दहा दिवस शाळा पूर्ण बंद ठेवली तर पाचवीपर्यंतच्या मुलाचे ४० तास जातात. शिकवणी लावणारे घर ते भरून काढते; दुसरे घर काढू शकत नाही. अशा रीतीने समानतेच्या नावाने दिलेली सुट्टी विषमतेत भर घालते.

या संदर्भात तीव्रत गर्ग, मौलिक जगनानी आणि विस तराझ या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला भारतासंबंधीचा अभ्यास उल्लेखनीय आहे. वर्षात तापलेल्या दिवसांची संख्या वाढली की पुढच्या वर्षी मुलांचे गणित व वाचन घसरते, हे त्यांनी दाखवले. परंतु त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. ग्रामीण भारतात हे नुकसान मुख्यतः शेतीचे उत्पन्न बुडाल्यामुळे होते, आणि राष्ट्रीय रोजगार हमी जेथे लागू झाली तेथे ते कमी झाले. बापाच्या हाताला काम मिळाले तर मुलाचे गणित सावरते. उन्हाचा प्रश्न हा वेतनाचा आणि रोजगाराचाही प्रश्न आहे, हे महाराष्ट्राला कोणी सांगावे लागू नये. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची योजना या राज्यानेच उभी केली होती, आणि ती कायद्यात उतरावी यासाठी समाजवादी व डाव्या पक्षांनी रस्त्यावर आणि सभागृहात झगडा दिला होता.

दुसरी किंमत आहे जेवणाची. शाळा बंद म्हणजे शाळेतील गरम जेवण बंद. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी ज्या जिल्ह्याची ओळख देशाला करून दिली, त्या जिल्ह्यात हा तपशील किरकोळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले जेवण हा मुलांचा हक्क ठरवला आणि एप्रिल २००४ मध्ये दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही ते देण्यास सांगितले. दुष्काळाच्या सुट्टीत जेवण देता येत असेल, तर उष्म्याच्या सुट्टीत ते बंद करण्याचे कारण काय? २०२३ साली सुट्टी दहा दिवस अलीकडे ओढली गेली तेव्हा हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला नाही. तो विचारणे विरोधी पक्षांचे काम होते.

मग जबाबदारी कोणाची? येथे वसई-विरारची एक खास अडचण पुढे येते. चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून जुलै २००९ मध्ये महापालिका स्थापन झाली. परंतु तिच्या हद्दीतील प्राथमिक शाळा त्यानंतर दशकाहून अधिक काळ जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकसंख्या असलेले शहर मालमत्ता कर घेत होते, पण मुलांच्या शाळेचे छप्पर आपले मानत नव्हते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि शाळांचा कारभार ठाण्याहून पालघरला गेला. शहराच्या जवळ मात्र आला नाही. त्यातच २०२० पासून काही वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. जिल्हा परिषदेला वाटते शहर श्रीमंत आहे. शहर म्हणते शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत. या दोन दारांमध्ये मूल उन्हात उभे आहे.

वरच्या पातळीवरही हीच टोलवाटोलवी आहे. आपत्ती निवारण निधीतून ज्या बारा आपत्तींना मदत मिळावी असे केंद्राने ठरवले, त्या यादीत थंडीची लाट होती; उष्णतेची लाट नव्हती. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगानेही ती यादी वाढवण्याची गरज मानली नाही. राज्यांनी हवे तर आपल्या निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत स्थानिक आपत्तींवर खर्च करावा, एवढीच मुभा होती. याउलट १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या खोलीच्या भिंती व छप्पर असे असावे की उष्णता शक्य तितकी कमी राहील, अशी अट मालकावर घातली होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढीला मजुराच्या डोक्यावरचे छप्पर दिसले. शिक्षण हक्क कायद्यानेही सर्व ऋतूंत वापरता येईल अशी शालेय इमारत अनिवार्य केली आहे. उन्हाळा हा ऋतू आहे. जी इमारत एप्रिलमध्ये वापरता येत नाही ती कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही, हा मुद्दा न्यायालयात आणि जिल्हा परिषदेत ठामपणे मांडला गेला पाहिजे.

ऊन निसर्गाचे असले तरी उकाडा पुष्कळसा माणसाने केलेला आहे, हे वसईकरांना ठाऊक आहे. पश्चिमेकडील केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या, त्यांतील विहिरी, रहाट आणि बावखले यांनी या गावांना गारवा दिला होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी हा हिरवा पट्टा बांधकामांसाठी मोकळा होऊ लागला तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, लोक रस्त्यावर उतरले. ती चळवळ केवळ निसर्गप्रेमाची नव्हती. टँकरने विहिरी उपसण्याला आणि जमिनीच्या सट्ट्याला तो विरोध होता. जेथे बावखल बुजले आणि चाळ उभी राहिली तेथे तापमान कोणी मोजले नाही. आज ते शाळेतल्या मुलाच्या अंगावर मोजले जात आहे.

तेव्हा प्रश्न 'शाळा की घर' असा नाहीच. वस्तीतील सर्वांत थंड जागा कोणती असावी, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे समाजवादी उत्तर 'शाळा' हेच असू शकते. हे उत्तर स्वप्नाळू नाही. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, छप्परांना चुना व पांढरा लेप देण्याची मोहीम घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छप्परांचे धोरण जाहीर केले. पत्र्यावर पांढरा लेप, आतून चटईचे किंवा बांबूचे आढे, आमनेसामने खिडक्या, पंखे, मातीचे माठ आणि आवारात पाच-सहा डेरेदार झाडे. यांतील कोणतीही गोष्ट महापालिकेच्या ऐपतीबाहेरची नाही. वीजबिल थकले म्हणून शाळेची जोडणी तोडू नये, एवढा आदेश काढायला तर एक पैसाही लागत नाही.

त्याबरोबर काही नियम स्पष्ट हवेत. हवामान खात्याचा इशारा येताच अकरानंतर अध्यापन, परीक्षा, कवायत आणि मैदानावरील प्रार्थना बंद. दुपारच्या सत्रातील मुलांना भर उन्हात बोलवायचे नाही. त्यांच्यासाठी समाजमंदिरे, चर्चची सभागृहे, मंगल कार्यालये सकाळच्या वेळी ताब्यात घ्यावीत. ज्या इमारतीचा पत्रा खरोखर धोकादायक तापतो ती उन्हाळ्यापुरती बंद करून वर्ग दुसरीकडे न्यावेत. पण शाळेचे दार बंद करू नये. अध्यापन संपल्यावर ज्यांना घरी कोणी नाही अशा मुलांना जेवण, पाणी, वाचायला पुस्तके आणि आडवे व्हायला जागा देऊन आईबाप परत येईपर्यंत शाळेतच थांबू द्यावे. निर्णयाचा अधिकार पुण्याला किंवा मंत्रालयात नसून तालुक्याला असावा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यापासून मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला नकाशावर एकच रंग देऊन कारभार होत नसतो.

यावर शिक्षकांचा आक्षेप येईल, आणि तो रास्त असेल. जनगणना, निवडणुका, सर्वेक्षणे यांचा भार आधीच शिक्षकांवर आहे. दुपारची ही जबाबदारीही त्यांच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. म्हणून ते काम वस्तीतील स्त्रियांना किमान वेतन देऊन द्यावे. 'मानधन' या शब्दाच्या आडून स्त्रियांचे श्रम स्वस्तात घेण्याची सरकारची सवय या निमित्ताने तरी मोडली पाहिजे. पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. ज्या शहराला रस्ते, उड्डाणपूल आणि सुशोभीकरणासाठी पैसा सापडतो, त्याने हा प्रश्न विचारू नये.

मागण्या केल्याने काम होत नाही, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या वहीत सह्यांपुरतीच जिवंत आहे. ती जागी करणे हे पहिले काम. दुसरे काम मोजमापाचे. साधा तापमापक घेऊन मार्च ते मे या काळात दुपारी बारा व दोन वाजता वर्गातील आणि शेजारच्या चाळीतील खोलीतील तापमान रोज लिहून ठेवावे; छप्पर कशाचे, पंखे किती, पाणी किती वाजेपर्यंत पुरते, शाळा सुटल्यावर किती मुले एकटी राहतात, भट्टीवर किती जातात, याची नोंद करावी. आंदोलनाच्या निवेदनात विशेषणे कमी आणि अशी नोंद अधिक असेल, तर अधिकाऱ्याला ते बाजूला सारणे कठीण जाते. आणि नोंद करताना ज्या आईला आजवर कोणी विचारले नाही, तिला विचारले जाईल, हा लाभ वेगळाच.

मुलाला उन्हात शाळेत पाठवावे की नाही, हे ठरवण्याचे ओझे आज एकेका आईवर टाकले गेले आहे. तापलेला वर्ग आणि तापलेली खोली यांतून तिने निवड करायची, आणि चुकले तर दोषही तिचाच. सार्वजनिक जबाबदारी खाजगी चिंतेत बदलण्याची ही जुनी रीत आहे. पाणी, रेशन, घर या प्रत्येक प्रश्नात तिच्याशी झगडा करावा लागला. सावलीच्या प्रश्नातही करावा लागेल. पुढचा मार्च दूर नाही. तोवर निदान एका तरी शाळेचे छप्पर पांढरे झाले पाहिजे आणि तिचे दार दुपारी उघडे राहिले पाहिजे.